तांबड्या पुस्तकातला अकरावा धडा

पंतनगर, घाटकोपर
१२ जानेवारी २०२५

सुबोध,

सलाम. मंडळीतून नाव कापलेल्या बहिणीला सलाम करायची तुमच्या नियमाप्रमाणे तुला बंदी आहे. माझ्यावर तशी बंदी कोणी घातलेली नाही, म्हणून मी करते.

पत्र मिळालं. अंजीर मंडळीच्या लेटरहेडवर टाइप केलेलं, वर ‘आदरणीय भगिनी’ आणि खाली ‘सुबोध अंबादास ओहोळ, अध्यक्ष’. एकवीस वर्षांनी सख्ख्या भावाचं पत्र येतं आणि त्यात ताईची भगिनी झालेली असते. असो, आदरणीय तरी झाले.

दीप्ती पत्र घेऊन आली ती दारातच उभी. तुझी मुलगी एकतीस वर्षांची झाली, बँकेत साहेब झाली, आणि आत्याच्या उंबऱ्यापाशी चुळबुळ करत होती. “आत्या, आत आले तर चालेल ना? म्हणजे पप्पा बोलले, पत्र दे आणि निघ.” मी म्हटलं, “तुझे पप्पा या घरात चड्डीवर फिरलेत. ये आत.” आली, चहा प्याली, दोन खाऱ्या खाल्ल्या. नाव कापलेल्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही हा नियम तिने मोडलाय. हे तिला विचारूनच लिहिते आहे. “लिही गं बिनधास्त,” म्हणाली.

तुला काय हवंय ते समजलं. एप्रिलात मंडळीला पंचाहत्तर वर्षं होतात. त्यासाठी तुम्ही अंजीर पाठमालेचा, म्हणजे आपल्या बायबलच्या अभ्यासाच्या पुस्तकांचा, इतिहास छापताय, पुस्तकांचं प्रदर्शन मांडताय, आणि जुनी पुस्तकं कोणाकडेच उरलेली नाहीत. उरतील कशी? जुनं मंडळीच्या हॉलवर जमा केल्याशिवाय नवं हातात द्यायचं नाही ही आपलीच रीत. जमा झालेली सगळी रद्दीत गेली. बाबा छापखान्यात होते, त्यांच्या ट्रंकेत मात्र चारही आहेत, आणि ट्रंक माझ्या पलंगाखाली आहे.

मी मदत करीन. माझी अट एकच. जे झालं ते झालं तसंच लिहायचं. कबूल असेल तर दीप्तीला पाठव, नसेल तर भगिनीला आदराने विसर.

सुगंधा

पंतनगर
२६ जानेवारी २०२५

सुबोध,

सलाम. ‘अट विचारात घेण्यात येईल’ हे तुझं उत्तर वाचून मला महापालिकेच्या खिडकीवर उभं असल्यासारखं वाटलं. तरी लिहिते, कारण मला आता लिहावंसं वाटायला लागलंय.

पहिलं निळं, १९५२. शिवदास गुरुजी नगरकडच्या शाळेतून निवृत्त होऊन मुलाकडे घाटकोपरला आले, त्यांच्या खोलीत पाच घरं जमायची, आणि त्या पाच घरांसाठी त्यांनी चोवीस धडे लिहिले. परिच्छेदाला आकडा, परिच्छेदाखाली प्रश्न, प्रश्नाखाली दोन कोऱ्या ओळी. शनिवारच्या वर्गाला येण्याआधी घरी पेन्सिलीने उत्तर लिहून आणायचं. वर्ग घेणारा ते तपासायचा आणि लाल शाईने बरोबरची खूण करायचा. ज्याला लिहिता येत नाही त्याने आधी लिहायला शिकायचं, सूट नाही.

हे ठळक अक्षरात घाल. आपली आई लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा अंगठा उठवायची. सुंदराबाई ओहोळ त्या दोन कोऱ्या ओळींसाठी चुलीपुढे बसून अक्षरं गिरवायला शिकली. मंडळीने आम्हाला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी हे सांगते, अजूनही सांगते. माझं नाव कापलं म्हणून मी खोटं बोलणार नाही.

दुसरं पिवळं, १९६३. मुखपृष्ठावर प्रथमच चित्र आलं. अंजिराची पालवी कोवळी झाली की उन्हाळा जवळ आला समजावं, तसं प्रभूचं येणं ओळखावं, म्हणून आपलं नाव अंजीर मंडळी आणि म्हणून पुस्तकावर अंजिराचं पान. पण चित्राचा ठसा कोरणाऱ्याने अंजिराचं झाड जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने पपईचं पान कोरलं. बाबा साकीनाक्याच्या त्या छापखान्यात खिळे जुळवणारे कंपॉझिटर, त्यांच्या हातात पहिला छाप आला. ते भीतभीत म्हणाले, “गुरुजी, पान जरा पपईसारखं दिसतंय.” गुरुजी म्हणाले, “अंबादास, विश्वासाने बघ.” मग सगळ्यांनी विश्वासाने बघितलं, ते थेट हिरवं पुस्तक येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं. हेही घाल. लोक हसतील, हसू देत.

तिसरं तांबडं, १९७४. त्याबद्दल पुढच्या पत्रात. इतिहासातलं तुमचं प्रकरण आधी वाचायला पाठव.

सुगंधा

पंतनगर
९ फेब्रुवारी २०२५

सुबोध,

आज सलाम नाही.

तुमचं प्रकरण वाचलं. तांबड्या पुस्तकाबद्दल एकच वाक्य आहे आणि मला ते आता पाठ झालंय: ‘काही अतिउत्साही सभासदांनी या पुस्तकातील एका पाठाचा चुकीचा अर्थ लावून विशिष्ट वर्षाची अपेक्षा बाळगली.’

अतिउत्साही सभासद कोण रे? नाव लिही ना. मी लिहिते. सुंदराबाई अंबादास ओहोळ, तुझी आई.

अर्थ लावायला त्यात होतं काय? अकरावा धडा, परिच्छेद सात: ‘एकोणीसशे शहाऐंशी साल सरण्यापूर्वी प्रभू येईल व विश्वासूंना नवे शरीर देईल.’ साल अक्षरात होतं आणि पुढे आकड्यातही होतं. ते चार आकडे बाबांनी स्वतःच्या हाताने जुळवले. घरी येऊन त्यांनी जेवायच्या आधी हात तीनदा धुतले. तू दहा वर्षांचा होतास. त्या दिवशी आपल्याकडे शेवयांची खीर झाली होती.

आता १९८४ आठव. आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले गर्भपिशवी काढावी लागेल, लगेच. तू वीस वर्षांचा, कॉलेज बुडवून दोन दिवस सकाळी इस्पितळात रांग लावलीस आणि दाखल करायचा कागद घेऊन आलास. बावीस ऑक्टोबरला खाट मिळणार होती. आई म्हणाली, “दोन वर्षांसाठी पोट कशाला फाडायचं? नवं अंग मिळणारच आहे.” तू दाराशी ओरडलास, “वाट लागेल तिची! डॉक्टर बोलले थांबू नका, तरी तुम्ही धडे वाचत बसा!” आणि चप्पल न घालता निघून गेलास. घरात कोणी तुझं ऐकलं नाही.

आई दोन वर्षं थांबली. दुखायचं तेव्हा पोटाशी उशी घट्ट धरून बसायची आणि कॅलेंडरकडे बघायची. सत्त्याऐंशी सालच्या एक जानेवारीला सकाळी तिने मला विचारलं, “सुगंधा, आज तारीख काय?” मी सांगितली. तिने कॅलेंडरकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, “मग भाकऱ्या टाकायला हव्यात,” आणि उठायला गेली, पण तिला उठता आलं नाही. मार्चमध्ये गेली.

ते वाक्य काढ, सुबोध. ते छापलंस तर मंडळीने आईला दोनदा मारलं असं मी म्हणेन, आणि हॉलच्या दारात उभी राहून म्हणेन. मी पासष्टीला आले आहे. माझं नाव एकदाच कापता येतं, ते तुम्ही कापून झालंय.

सुगंधा

पंतनगर
२३ फेब्रुवारी २०२५

सुबोध,

सलाम. दीप्तीने निरोप सांगितला. ‘पुराव्याअभावी वर्षाचा उल्लेख करता येणार नाही.’ तुला पुरावा हवाय होय? ठीक आहे.

सत्त्याऐंशीच्या जूनमधला तो रविवार तुला माहीत नाही, तू तेव्हा नाशिकला नोकरीवर होतास. नवं पुस्तक छापायचं तर वेळ लागला असता आणि लोकांना तोंड दाखवायची पंचाईत झाली होती. म्हणून समितीने शुद्धिपट्ट्या छापल्या, तीन बोटं रुंद, कोऱ्या कागदावर एकच वाक्य: ‘प्रभूचे येणे जवळ आहे, विश्वासूंनी सावध असावे.’ सगळ्यांनी आपापली तांबडी पुस्तकं घेऊन हॉलवर यायचं, सातव्या परिच्छेदावर, त्याखालच्या प्रश्नावर आणि उत्तराच्या ओळींवर पट्टी चिकटवायची, आणि मग शेवटच्या पानावर ‘शुद्ध’ असा शिक्का मिळायचा. मैद्याची खळ मी शिजवली होती, भलं मोठं पातेलं भरून. मोरचूद टाकलं म्हणजे झुरळं लागत नाहीत, हे बाबांनी शिकवलेलं. तीनशे माणसं रांगेने बसून पट्ट्या लावत होती आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. बाबांनी लावली. मग मी आईच्या पुस्तकावर लावली, कारण गेलेल्यांची पुस्तकंही शुद्ध करायची होती.

पुढे २००३ साली हिरवं पुस्तक आलं आणि त्यात अकरावा धडाच नव्हता. चोवीसचे तेवीस झाले, बाराव्याचा अकरावा झाला. तूच वर्ग घेत होतास. मी उभी राहून विचारलं, “अकरावा धडा कुठे गेला?” तू म्हणालास, “हाच अकरावा.” मी म्हटलं, “हा बारावा.” यावरून माझं नाव कापलं गेलं. माझ्या विरोधात हात वर करताना तू खाली बघत होतास. बाकी सगळ्यांनी तांबडी जमा केली, मी आईचं केलं नाही.

काल दीप्तीसमोर ते पुस्तक काढलं. ओलं फडकं पट्टीवर दहा मिनिटं ठेवलं. खळ मैद्याचीच, अडतीस वर्षं झाली तरी पाण्याचं ऐकते. पट्टी सबंध सुटून आली. खाली परिच्छेद सात, साल अक्षरात आणि आकड्यात, बाबांनी जुळवलेलं. त्याखाली प्रश्न: ‘हे जाणून तुम्ही या जगाची कोणती गोष्ट सोडून द्याल?’ आणि कोऱ्या ओळींवर आईचं अक्षर, पेन्सिलीचं, मोठं मोठं, रेघेच्या खाली उतरलेलं:

‘आपरेशन सोडून देईन.’

दीप्ती रडली. तिने आजीला कधी पाहिलेलं नाही. तिने दोन-तीन प्रश्न विचारले, त्यांची मी उत्तरं दिली. मग तिने फोनमध्ये त्या पानाचा फोटो घेतला. तुला दाखवेलच.

झाला का आता पुरावा?

सुगंधा

पंतनगर
२ मार्च २०२५

सुबोध,

तुझं पत्र आलं. लेटरहेड नाही, टाइप नाही, वहीच्या कागदावर तुझ्या हाताने, आणि वर ‘ताई’.

चार वेळा वाचलं. आज मला उत्तर लिहिता येत नाही. पुढच्या रविवारी लिहीन.

सुगंधा

पंतनगर
९ मार्च २०२५

सुबोध,

सलाम.

तू लिहिलंस: ‘ताई, त्या वर्षी बायकांचा वर्ग कोण घेत होतं ते माझ्या लक्षात आहे. फोटोत लाल खूण दिसते. अकरावा धडा मीच काढायला लावला होता, आणि तो मंडळीला वाचवायला काढला नव्हता. पुस्तक माझ्याकडे दे. कोणाला दाखवणार नाही. तुझ्यासाठीच म्हणतो.’

म्हणजे तुला ठाऊक होतं. मी समजत होते की मला एकटीलाच ठाऊक आहे. चाळीस वर्षं आपण दोघं एकाच गोष्टीवर पट्टी धरून बसलो होतो, एका बाजूने तू आणि एका बाजूने मी.

मग आता मी लिहिते, आणि हे तू इतिहासात जसंच्या तसं घाल.

बायकांचा वर्ग मी घेत होते. बी.ए. झालेली एकटीच होते, वाचायला स्पष्ट, उत्तरं तपासायला कडक. बायका मला ‘बाई’ म्हणायच्या, आई पण वर्गात मला बाई म्हणायची आणि आम्ही घरी येऊन त्यावर हसायचो. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी तिने पुस्तक पुढे केलं. मी उत्तर वाचलं. तिने विचारलं, “बाई, बरोबर आहे ना?” घरात तुझा कागद फडताळावर ठेवलेला होता, बाटलीखाली, उडू नये म्हणून. मला तो दिसत होता, म्हणजे वर्गात बसूनही दिसत होता. आणि मी लाल पेन उचलून खूण केली. नुसती खूण करून थांबले नाही. मी तिचं उत्तर सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं, विश्वास असा असावा म्हणून. तिला किती बरं वाटलं होतं ते मी कशी विसरू? अंगठा उठवणाऱ्या बाईचं उत्तर पहिल्यांदाच वर्गात वाचलं गेलं होतं.

‘घरात कोणी तुझं ऐकलं नाही’ असं मी गेल्या महिन्यात तुला लिहिलं. ते कोणी म्हणजे मी. बाबा डळमळले होते. रात्री जेवताना म्हणाले, “पोरगा म्हणतो तर दाखवून बघू या.” मी म्हटलं, “बाबा, तुम्हीच आकडे जुळवलेत आणि तुम्हीच असं म्हणता?” त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आणि त्या दिवशी पट्टी काढल्यावर दीप्तीने विचारलं, “आत्या, ही लाल खूण कोणाची गं?” तर मी म्हटलं, “वर्गाच्या बाईंची.” “कोण होत्या त्या?” मी म्हटलं, “आता आठवत नाही.” एकवीस वर्षं खरं बोलल्याचा तोरा मिरवणारी तुझी ताई पोरीच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलली. काल तिला बोलावून खरं सांगितलं.  तिने कपबशा विसळून ठेवल्या आणि जाताना म्हणाली, “आत्या, सत्तावीस एप्रिलला, पंचाहत्तरीच्या कार्यक्रमाला, मी तुला घ्यायला येते. रिक्षा नको पकडू.”

तर सुबोध, पुस्तक मी देणार नाही. तुझी दया मला कळते. तिच्यापायी तू स्वतःच्या तोंडाने ‘अतिउत्साही सभासद’ असं आईला म्हणालास, हेही कळतं, आणि ते तुला किती जड गेलं असेल तेही. पण मला त्या दयेखाली राहायचं नाही. ती पण एक पट्टीच आहे. माझ्या चुकीवर माझ्या भावाने खळ लावायची, आणि त्याच खळीत मंडळीचं साल आपोआप झाकलं जायचं, हे मला चालणार नाही. समितीने साल छापलं, बाबांनी जुळवलं, मी शिकवलं, आईने ऐकलं. चारही नावं लिही. समितीतली माणसं गेली, म्हणून त्यांना वगळू नकोस. मी जिवंत आहे म्हणून मलाही वगळू नकोस. कोणी विचारलं तर मी तिथेच बसलेली असेन, पुढच्या रांगेत, विचारू देत.

तू म्हणशील मंडळी फुटेल. पपईच्या पानाला चाळीस वर्षं अंजीर म्हणणारी माणसं आहेत आपली, इतकी लवकर फुटत नाहीत. आणि ज्यांना आपल्या घरातलं असलं एखादं आपरेशन, मोडलेलं लग्न, सोडलेली नोकरी आठवत असेल, त्यांना बोलायला जागा होईल. सत्त्याऐंशीच्या त्या रविवारी तीनशे माणसं गप्प बसून पट्ट्या लावत होती. मला अजून वाटतं की प्रत्येकाच्या पट्टीखाली काहीतरी लिहिलेलं होतं. त्यांची पुस्तकं तर रद्दीत गेली. एकच उरलंय, ते मी उघडं ठेवणार.

सत्तावीस एप्रिलला येते. तुझ्या नियमाप्रमाणे कोणी मला सलाम केला नाही तरी चालेल. प्रदर्शनाच्या टेबलावर निळं, पिवळं आणि हिरवं तुम्ही हवं तसं मांडा. तांबडं मी माझ्या हाताने ठेवीन, आईच्या उत्तराचं पान सत्तेचाळीस उघडून.

आणि एक मागते. दीप्ती म्हणाली तुझ्या कपाटात एका प्लास्टिकच्या पिशवीत जुना घडी घातलेला कागद आहे, आणि त्याला तू कोणाला हात लावू देत नाहीस. इस्पितळाचा ना? बावीस ऑक्टोबर, बायकांचा वॉर्ड, खाट नंबर लिहिलेला. घेऊन ये. त्या पानाच्या शेजारी ठेवू. आईचं उत्तर चुकलेलं होतं आणि बरोबर उत्तर घरात होतं. तू ते दोन दिवस रांगेत उभं राहून आणलं होतंस.

ताई